शेवटच्या रांगेतला माइक

मित्रांनो, काचेच्या कपाटात मान वाकडी करून बसलेला तो जुना माइक म्हणजे मी. माझ्या एका बाजूला शाईची दौत आहे आणि दुसऱ्या बाजूला लोलक हरवलेली घंटा. आमच्यासमोर 'जुन्या वस्तू' अशी पाटी लावली आहे. दौत त्या पाटीवर खूश असते. मला मात्र अजून तिची सवय झालेली नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लवचीक मान, जाळीचं तोंड आणि गळ्याशी एक लाल दिवा, एवढंच माझं रूप. तपासणीच्या टेबलापाशी एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक नव्या माइकच्या तोंडाशी येऊन विचारायच्या, "ऐकू येतंय का?" जगात आल्यावर मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. पुढे माझं सगळं आयुष्य त्याच प्रश्नाभोवती गेलं.

तिथून मी राज्याच्या सभागृहात आलो. जिथे सगळ्या भागांतले निवडून आलेले सदस्य बसतात आणि कायदे करतात, ते सभागृह. पुढच्या रांगांतल्या माइकांना मंत्री मिळाले. मला मिळाला शेवटच्या रांगेतला कोपरा. माझ्या वाट्याला आलेले सदस्य बहुधा झोपायला यायचे. एक जण तर माझ्या मानेवर टोपी अडकवून ठेवायचा. तरी मी तक्रार केली नाही. कोपरा का असेना, सभागृहातला होता.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगायला हवी. माझं बटण माझ्यापाशी नव्हतं. वर काचेच्या खोलीत आवाजाची यंत्रं सांभाळणारे काका बसायचे. अध्यक्षांनी एखाद्या सदस्याला बोलायला सांगितलं की काका त्याच्यासमोरचा माइक चालू करायचे. मग लाल दिवा लागायचा आणि त्याचा आवाज सभागृहभर जायचा. दिवा लागला नाही, तर माणसाने कितीही घसा फोडला तरी पालथ्या घड्यावर पाणी. पण मित्रांनो, बंद असलो तरी मला ऐकू यायचंच. फक्त ऐकलेलं पुढे पाठवता यायचं नाही.

अशाच एका वर्षी माझ्यासमोर ताई येऊन बसल्या.

आधीचे आमदार आजारपणात गेले होते आणि मुदतीचं एकच वर्ष उरलं होतं. एका वर्षाच्या खुर्चीसाठी धावपळ करायला कुणी मोठा माणूस तयार नव्हता. म्हणून डोंगरापलीकडच्या गावांनी आपल्या टपाल वाटणाऱ्या बाईंनाच उभं केलं, आणि त्या निवडून आल्या. सभागृहात त्यांना सगळे 'टपालताई' म्हणायचे. काही जण प्रेमाने म्हणायचे, काही जण खवचटपणे. त्यांना दोन्ही कळायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी रुमालाने माझं तोंड पुसलं. इतक्या वर्षांत कुणी पुसलं नव्हतं. मग इकडेतिकडे कुणी नाही असं बघून त्या माझ्याशी हळूच बोलल्या, "आमच्याकडची संध्याकाळची गाडी बंद झालीय. ती परत सुरू करायचीय. एवढं एकच काम घेऊन आलेय मी."

त्यानंतर त्या रोज सगळ्यांच्या आधी यायच्या आणि माझ्यासमोर बोलण्याचा सराव करायच्या. त्यातूनच मला सगळं कळत गेलं. डोंगरापलीकडच्या मुलींची मोठी शाळा लांबच्या गावात होती. संध्याकाळची गाडी बंद झाल्यापासून मुली शेवटचे तास बुडवून दुपारच्या गाडीने परतायच्या. बुडवता बुडवता नापास व्हायच्या, आणि मग घरचे म्हणायचे, पुरे झालं शिक्षण. ताईंच्या भावाची मुलगी पुढच्या वर्षी त्या शाळेत जाणार होती. "आत्या, गाडी सुरू झाली तरच बाबा पाठवणार आहेत," असं तिने ताईंना सांगितलं होतं. ताईंना स्वतःचं मूल नव्हतं. ते वाक्य माझ्यासमोर म्हणून झालं की त्या दर वेळी सराव पहिल्यापासून सुरू करायच्या.

आता तुम्ही विचाराल, मग त्या बोलल्या का नाहीत? त्याचीच तर ही गोष्ट आहे.

ताईंच्या गावांत सभेची एक रीत होती. ज्याला बोलायचं आहे, त्याने नुसतं उभं राहायचं. हात वर करायचा नाही की हाक मारायची नाही. उभं राहिलेलं माणूस दिसलं की बाकीचे आपलं बोलणं आवरतं घ्यायचे आणि त्याला जागा करून द्यायचे. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणं म्हणजे तिथे वाईट वळण. ताई ही रीत सोबत घेऊन सभागृहात आल्या. त्या उभ्या राहायच्या आणि वाट बघायच्या.

इथे मात्र दहा जण एकदम ओरडत असायचे. जो जास्त ओरडेल, त्याच्याकडे अध्यक्षांचं लक्ष जायचं. शेवटच्या रांगेत गुपचूप उभ्या असलेल्या बाईला बोलायचं आहे, हे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. एकदा अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं, मागच्यांना दिसत नाही." मागे भिंत होती. सगळे हसले, ताईसुद्धा थोडं हसल्या आणि बसल्या. मला मात्र त्या भिंतीचाच राग आला.

शेजारच्या बाकावर एक म्हातारे वकीलसाहेब बसायचे. ते विरुद्ध पक्षाचे होते आणि जिभेने तिखट होते. ते म्हणाले, "ताई, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. जरा ओरडा."

"दुसऱ्याचं बोलणं चालू असताना?" ताई म्हणाल्या. "आमच्याकडे त्यावरून लहान पोरांना रागावतात."

"मग इथे सगळी वाया गेलेली पोरंच आहेत असं समजा," वकीलसाहेब म्हणाले आणि पुन्हा पेंगायला लागले.

एकदा ताईंनी ओरडूनही पाहिलं. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक पोचवणारा आवाज होता तो. पण त्या गोंगाटात तो विरून गेला. ताई खाली बसल्या आणि कितीतरी वेळ माझ्या बुडाशी बोट फिरवत राहिल्या. "शोभलं नाही मला," त्या पुटपुटल्या. मला त्यांना सांगायचं होतं की मी ऐकलंय, शब्द न् शब्द ऐकलाय. पण माझं काम दुसऱ्याचा आवाज नेण्याचं. मला माझा आवाज कुणी दिलाच नव्हता.

असं करता करता वर्ष सरलं. मुदतीचा शेवटचा दिवस आला. त्यानंतर हे सभागृह विसर्जित होणार होतं, आणि शाळाही उघडायला आल्या होत्या. त्या सकाळी ताईंनी सराव केला नाही. नुसतं माझं तोंड पुसलं.

सभागृहात कसल्यातरी वादावरून नेहमीसारखी रणधुमाळी चालू होती. ताई उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंना बाकावर हात टेकवले. बराच वेळ गेला. मग शेजारची खुर्ची करकरली आणि वकीलसाहेब उभे राहिले.

"तुम्हाला काय झालं?" ताईंनी हळूच विचारलं.

"काही नाही, पाय अवघडले," ते समोर बघत म्हणाले.

त्यांना गप्प उभं पाहून पुढच्या रांगेतल्या एक बाई वळल्या आणि त्याही उभ्या राहिल्या. मग आणखी कुणी. इतकी माणसं न बोलता का उभी आहेत, हे बघायला ओरडणारे माना वळवू लागले. मान वळवली की ओरडणं सुटतं. हळूहळू सभागृह असं शांत झालं की वरच्या पंख्यांची घरघर मला पहिल्यांदाच ऐकू आली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "सन्माननीय सदस्यांना काय हवं आहे?"

"आम्हाला काही नको," वकीलसाहेब म्हणाले. "यांना बोलायचंय. वर्ष झालं, उभ्या आहेत."

माझा दिवा लागला.

मित्रांनो, तो क्षण आठवला की आजही माझ्या तुटलेल्या तारेत काहीतरी सळसळतं. ताई भाषण विसरल्या. रोज सकाळी माझ्याशी बोलायच्या तशाच हळू आवाजात बोलल्या. "संध्याकाळची गाडी नाही, म्हणून आमच्या पोरी शाळा सोडतात. माझी भाची आता त्याच शाळेत जायचीय. ती गाडी सुरू करा. एवढंच सांगायचं होतं." त्या बसल्या. मी त्यातलं एक अक्षरही सांडू दिलं नाही.

मंत्री म्हणाले, "बघू." आणि कामकाज संपलं.

जाताना ताईंनी माझी मान सरळ केली. "सगळं तूच ऐकलंस, बाबा," असं म्हणाल्या आणि निघाल्या. पुढच्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या नाहीत. माझ्यासमोर दुसरे सदस्य आले. वर्षभरातच सभागृहात बटणवाले चपटे माइक आले. कुणीतरी माझी तार कापली आणि मला या कपाटात आणून ठेवलं.

इथे रोज पाहुणे येतात. मी प्रत्येक पावलाचा आवाज ऐकतो. वाटतं, एखादं पाऊल माझ्यापाशी थांबेल आणि कुणी हळूच बोलेल. काचेवरची धूळ दिसली की मला तो रुमाल आठवतो. 'बघू' या शब्दाचं पुढे काय झालं, हे मला कुणी सांगितलं नाही. मंत्र्यांच्या 'बघू'वर मी फार विश्वास ठेवत नाही, पण वाट बघायचं काही सुटलं नाही.

परवा शाळेच्या मुली सहलीला आल्या होत्या. त्यातली एक उंच मुलगी माझ्यासमोर थांबली. त्यांच्या बाईंनी विचारलं, "उद्यापासून पुन्हा जादा तास आहेत. तुला घरी जायला उशीर नाही ना होणार?"

"नाही बाई, संध्याकाळची गाडी आहे ना," ती म्हणाली. "गावात येत नाही, फाट्यावरूनच जाते. पुढे डोंगर चढायला आत्या असते सोबत."

"पण फाट्यावर गाडी थांबते का?"

मुलगी हसली. "आत्या रोज तिथे येते. हात करत नाही, हाक मारत नाही. नुसती उभी राहते. गाडी थांबते."

मुली पुढे गेल्या. मित्रांनो, तुमच्याही वर्गात, घरात, असं कुणीतरी गप्प उभं असेल. त्याच्याकडे एकदा मान वळवून बघा. मला आता कुणाचा आवाज नेता येत नाही. पण त्याला बोलता यावं म्हणून तुम्हाला गप्प बसता येतं.