दही न लागलेली वाटी

मित्रांनो, मी जंतूंना ऊब देणारी एक जुनी पेटी आहे. रायपूरच्या एका कॉलेजात मला इन्क्युबेटर म्हणतात. पोटात असते तेवढी, सदतीस अंशांची ऊब धरून ठेवायची, हे माझे काम. त्या उबेत काचेच्या ताटल्यांमध्ये जंतू वाढतात. जंतू म्हटले की लगेच नाक मुरडू नका. तुमच्या आतड्यात पचनाला मदत करणारे कितीतरी भले जंतू राहतात.

नवी होते तेव्हा पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवत. पुढे रंग उडाला, दार कुरकुरू लागले आणि माझ्याकडे कोणी पाहीनासे झाले. गेल्या हिवाळ्यात माझा आतला पंखा बंद पडला. खालचा कप्पा ठीक राहिला, वरचा मात्र पन्नाशीच्या पुढे तापू लागला. बाहेरचा आकडा सदतीसच दाखवत होता. मला सगळे कळत होते, पण सांगणार कसे?

नेमकी तेव्हाच मोनाली ही विद्यार्थिनी प्रयोगासाठी आली. शहरातल्या गुढियारी भागात राहणारी तिची आजी विमलाबाई रोज सकाळी कालमेघ या औषधी झाडाचा कडू काढा घ्यायची. त्या काढ्याने पोटातले भले जंतू मरतात का, हे मोनालीला शोधायचे होते. सरमिसळ नको म्हणून तिने काढ्याच्या ताटल्या वर आणि साध्या ताटल्या खाली ठेवल्या. खालच्या भरून आल्या, वरच्या ओसाड राहिल्या. तिने तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तसेच ठेवून. मग आजीला फोन करून काढा बंद करायला सांगितला. म्हातारी हिरमुसली, पण शिकलेल्या नातीचे तिने ऐकले. मला फार वाईट वाटले. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसे त्या झाडाचे झाले.

अहवाल पाठवायला एक दिवस उरला होता. प्रयोगशाळा सांभाळणारे लहानूभाऊ यांच्या घरी थंडीमुळे दही लागत नव्हते. प्रयोगशाळेत खाण्याची वस्तू ठेवू नये हा नियम त्यांना पाठ होता. तरी संध्याकाळी त्यांनी विरजलेल्या दुधाच्या दोन वाट्या जागा मिळेल तिथे, एक वर आणि एक खाली, गुपचूप सरकवल्या.

सकाळी दार उघडताच मोनाली रागावली. मग थबकली. खालच्या वाटीत घट्ट दही होते, वरच्या वाटीत दूध पातळच होते.

"लहानूभैया, दोन्हीत विरजण एकच होतं का?"

"हव, एकाच गंजातलं लावलं दोन्हीले," ते ओशाळून म्हणाले.

तिने वरच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवला. चोपन्न अंश. दही फेकले गेले, लहानूभाऊंना बोलणी बसली आणि अहवाल थांबला. मला नवा पंखा मिळाला. पुन्हा केलेल्या प्रयोगात पातळ काढ्याच्या ताटल्यांत भले जंतू छान वाढले, दाट काढ्याच्या ताटल्यांत थोडे कमी.

मोनालीने माझ्याशेजारी उभे राहूनच आजीला फोन लावला.

"आजी, गलती माझी होती. मशीन न तपासताच तुले सांगितलं मी."

"मंग आता घेऊ का काढा?"

"ताटलीतलं समजलं. तुझ्या पोटातलं मले अजून माहीत नाही. डॉक्टरले विचारू."

"'माहीत नाही' असं म्हणून राहिली ना तू," आजी म्हणाली, "आता भरोसा बसला तुह्यावर."

मित्रांनो, दोष माझा होता आणि मोनालीने तो स्वतःवर घेतला, याची मला अजून लाज वाटते. तुमच्या शाळेतही एखादे जुने यंत्र कोपऱ्यात राबत असेल. त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका, मोठ्यांना सांगून ते वेळेवर तपासून घ्या. आम्हांला बोलता येत नाही, आणि आमच्या चुकीचा बोल भलत्यालाच लागतो.