एक माते जास्त

डोंगराला घाई करणारा माणूस आवडत नाही. हे थोर वाक्य मी सव्वीस वर्षं आमच्या निवाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. मी तिथला आचारी. डोंगराची आवडनिवड मला कधी कळली नाही. सूप उशिरा झालं की लोक ओरडायचे, त्यांच्यासाठी ते वाक्य होतं.

त्या ऑगस्टात, ऐन हिवाळ्यात, आंदीजमध्ये असा उबारा पडला की बर्फावर पाऊस झाला. मी नुसत्या सदऱ्यावर लाकडं फोडली आणि देवाचे आभारही मानले. आमचा वाटाड्या एल्विओ पाइनेमिल मात्र सकाळी अंधारातच दारात उभा राहून छपराकडे कान लावून होता.

"रात्रभर पागोळ्या थांबल्या नाहीत, दामासो. बर्फ गोठलाच नाही."

"बरंच झालं की. नळ फुटायचा नाही."

"तुझ्या नळाचं कोण विचारतंय? वरचा उतार भिजून जड झालाय. ऊन पडायच्या आत त्याखालची घळ ओलांडतो, नाहीतर आज जातच नाही."

खाली गावात चार पाहुणे त्याची वाट बघत होते. वेळ होता, अर्ध्या तासाचा. म्हणून मी माते केला, आमचा कडू पाल्याचा गरम काढा.

तो प्यायचा कायदा सोपा आहे. पेल्यासारखा कोरलेला भोपळा एकच, चोखायची नळी एकच, सगळ्यांत मिळून. ओतणारा ओतत राहतो. पिणारा 'आभार' म्हणाला की पुरे झालं असं समजायचं. एल्विओ पहिल्याच भोपळ्याला आभार म्हणाला.

"एकातच? पाणी जळकं लागलं का साहेबांना?"

"तसं नाही रे, म्हाताऱ्या."

"मग तोंड का वाकडं? बस."

तो हसला, हात पुढे केला. मी दुसरा ओतला आणि बिशपसाहेबांच्या खेचराची गोष्ट काढली. ती गोष्ट मी फार छान सांगतो. एल्विओने दोनदा खिडकीकडे पाहिलं. मला ते दिसलं. पण खेचर अजून पुलापाशी पोचायचं होतं, आणि गोष्ट अर्ध्यावर असताना उठणं म्हणजे ओतणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. एल्विओच्या आईने त्याला असं कधी शिकवलं नव्हतं. मी तिसरा ओतला. चौथाही.

खेचर नदीत पडलं तेव्हा समोरच्या उतारावर ऊन आलं होतं.

"आभार," एल्विओ म्हणाला आणि बूट बांधायला लागला. "पाहुणे ताटकळले असतील. पटकन निघतो."

'आज जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं. त्याला तीन शब्द लागतात. मी म्हणालो, "येताना कांदे आण."

लोक सांगतात, हिमकडा कोसळताना मेघगर्जना होते. मला तर कुणीतरी वखारीत पोती उतरवतंय असं वाटलं. फावडं घेऊन धावलो तेव्हा एल्विओचं डोकं आणि एक हात बर्फाबाहेर होता. पाय खाली एका झाडाच्या बुंध्याला चेपून अडकला होता. ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो. मी खणत होतो आणि तोच मला सांगत होता, "हळू, छाती सांभाळ तुझी." खालून माणसं यायला दोन तास लागले.

पाय वाचला. गुडघा आता वाकणार नाही. वय एक्केचाळीस, आणि डोंगराखेरीज त्याला दुसरं काही येत नाही.

इस्पितळात जायला बसने तीन तास लागतात. तेवढ्या वेळात मी माफीचं भाषण पाठ केलं. कॉटपाशी उभा राहिलो आणि सुरू केलं: "एल्विओ, मी तुला बसवून ठेवलं. माझ्या एका फालतू गोष्टीसाठी..."

"खेचराची ना? अकराव्यांदा ऐकत होतो."

मला पुढचं आठवेना. "मग उठला का नाहीस, गाढवा?"

"तू इतका रंगात आला होतास."

मी टोपी काढली. मग डोळे पुसले, टोपी छातीशी धरली आणि म्हणालो, "एल्विओ, जन्मभर मी..."

"ते राहू दे, म्हाताऱ्या. प्लास्टरच्या आत मरणाचं खाजतंय. बाहेर कुणाकडे विणायची सुई मिळते का बघ. लांबडी."