धाकटीच्या हातची गाडी

गाडी धाकटीच्या हाताने चालू झाली आणि थोरलीच्या हातातला पाना हातातच राहिला.

त्याआधी थोरलीने बरीच खटपट केली होती. किल्ली फिरवली, स्टार्टर घरघरला, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मग घरातून धाकटी आली, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले, पायात बाबांच्या चपला. "ताई, सरक जरा," म्हणाली आणि सीटवर टेकली. काचेआड तिचे ओठ हलले, आणि गाडी लाडात आलेल्या मांजरीसारखी गुरगुरू लागली.

पायरीवर ऊन खात बसलेले बाबा हसले. "तिच्या हाताला गुण आहे," म्हणाले.

थोरलीने पाना फडक्याने पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. ज्या हातांच्या रेषांत काळं तेल मुरलं होतं, ज्यांनी बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून अख्खं गॅरेज तोलून धरलं होतं, त्या हातांना बाबा 'उस्ताद' म्हणत, पण तेही चहा मागताना. गुण मात्र धाकटीच्या हाताला. ती दूरच्या शहरात लहान मुलांना गाणं शिकवायची, सुट्टीला यायची, कपबशीसुद्धा न विसळता परत जायची.

त्या रात्री जेवताना बाबांनी धाकटीला सांगून टाकलं, की जाताना गाडी तू घेऊन जा. इथे ती रुसून बसते, तुझं ऐकते. धाकटीने चमचा खाली ठेवला आणि ताईकडे पाहिलं. थोरली म्हणाली, नेऊ दे की, नाहीतरी भंगारच आहे. घास तिच्या तोंडात फिरत राहिला. त्याच भंगाराच्या बॉनेटपाशी खोक्यावर उभी राहून ती काम शिकली होती. पहिला प्लग तिने तिथेच उघडला होता, पहिला चटकाही तिथेच बसला होता.

अंथरुणावर पडल्या पडल्या तिने ठरवलं. धाकटी निघायच्या आत खोट सापडली पाहिजे. एकदा गाडी कुणाच्याही हाताने चालू व्हायला लागली, की बाबांच्या बोलण्यातली हवाच निघून जाईल.

शोधायचं तसं थोडंच बाकी होतं. बॅटरी तिने रात्रभर चार्ज करून पाहिली होती. प्लग बदलले होते, ठिणगी निळीशार पडत होती. पेट्रोलचा फिल्टर नवा होता. इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीला तिने दाब मोजायचं गेजही लावलं होतं: किल्ली अर्धी फिरवली, टाकीतला पंप गुणगुणला, काटा टुणकन जागेवर गेला. म्हणजे पेट्रोल येतंय. तो संशय तिने तेव्हाच मनातून खोडला होता. आता उरली होती फक्त धाकटी.

तेव्हा सकाळी ती बॉनेट वर करून काहीतरी करत असल्याचं दाखवत उभी राहिली आणि फटीतून धाकटीकडे बघत राहिली, चोराकडे बघावं तशी. धाकटीने किल्ली अर्धी फिरवली. थांबली. ओठ हलले. तिच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती, जणू गाडीच आधी काही बोलणार होती. मग तिने उरलेली किल्ली फिरवली, आणि गाडी चालू.

थोरली स्वतः किल्ली कशी फिरवायची? अडलेल्या दाराला खांदा द्यावा तशी. एका दमात, शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, किल्लीला हातही लावायच्या आधी तिने गेज पाहिलं. आदल्या संध्याकाळी ताठ उभा असलेला काटा आडवा पडला होता. आजवर ती गेज बघायची ते किल्ली अर्धी फिरवून, म्हणजे पंप चालू करून. आणि तेव्हा काटा खोटं बोलत नसे. रात्रभर काय होतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने पुन्हा दाब चढवला, टाकीकडून येणारी नळी चिमट्याने दाबून धरली, पंप बंद केला. काटा हलला नाही. चिमटा सोडला, तसा तो हळूहळू खाली बसला. पेट्रोल मागे, टाकीत उतरत होतं. पंपाच्या तोंडाशी एक इवलासा व्हॉल्व्ह असतो, पुढे गेलेल्याला मागे फिरू न देणारा. तो थकला होता.

म्हणून सकाळी नळी रिकामी. किल्ली अर्ध्यावर धरून क्षणभर थांबलं, तर पंप ती भरून काढायचा. थेट शेवटपर्यंत फिरवली, तर सगळी ताकद स्टार्टरच ओढून घ्यायचा आणि पंपाच्या वाट्याला उरलंसुरलं. थोरलीला त्या पंपाची फार कणव आली. उरल्यासुरल्यावर दिवस काढणं तिला ठाऊक होतं.

आणि मग तिला हसू फुटलं. म्हणजे हाताचा गुण वगैरे काही नाही. रेंगाळणं. जन्मभर धाकटी रेंगाळलीच होती, आंघोळीला, जेवायला, शाळेला. आणि त्याच रेंगाळण्याला आता शाबासकी मिळत होती. थोरली तेव्हाच पायरीपाशी जाऊन हे सांगू शकली असती. पण नुसतं सांगण्यात काय मजा? तिला ते बाबांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचं होतं.

दुपारी तिने मागचं सीट उचललं. खालचं झाकण काढलं, तसा पेट्रोलचा वास नाकात शिरला. जुना पंप निघाला, नवा बसला. काम करताना तिच्या लक्षात आलं, की या मागच्या सीटवर आपण कधी बसलोच नाही. ती जागा आईची आणि आईच्या मांडीवरच्या धाकटीची. थोरलीची जागा बॉनेटपाशी, बाबांच्या कोपराजवळ.

निघायच्या दिवशी सकाळी धाकटीची बॅग दारात उभी होती. थोरलीने बाबांना हाताला धरून पुढे बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगपाशी बसली. किल्ली फिरवली, एका दमात, शेवटपर्यंत. गाडी तडक चालू झाली.

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ अर्धवट उघडे होते, घास भरवता भरवता कुणी मध्येच उठून जावं तसे.

"एवढ्यात?" ते म्हणाले.

"पंपाचा व्हॉल्व्ह गेला होता, बाबा. हाताचा गुण नव्हता कुणाच्या."

"ते असेल गं. पण ओवी राहिली ना."

थोरलीला काही कळेना. तेव्हा बाबांनी सांगितलं. गारठ्याच्या सकाळी तू आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचो, तेव्हा धाकटी रडू नये म्हणून तुमची आई मागे बसून ओवी म्हणायची. मी किल्लीपाशी आलो, की तिची ओवी संपेपर्यंत थांबायचो. धाकटी तीच म्हणते. तुला ठाऊक नाही होय?

थोरलीने गाडी बंद केली. काच खाली केली. जे विचारायला जीभ रेटत नव्हती ते विचारलं.

"काय म्हणतेस गं तू गाडीत?"

धाकटी दाराशी टेकून उभी होती. तिने आधी मान हलवली, मग खाली बघत हलकेच म्हटलं:

थोरली माझी लेक, हाती धरी ग दिवा
बापाच्या कामाला तिचा उजेड हवा

रस्त्यावरून एक सायकल गेली. थोरलीला आपल्या लहान मुठीतला तो गरम दिवा आठवला, त्याची लांब वायर आठवली. मागच्या काचेआड आईचे ओठ हलायचे, तेही आठवलं. ती समजायची, धाकटीचे लाड चाललेत.

"सगळी तुझीच," धाकटी म्हणाली. "माझ्यावर आईने एक ओळ केली नाही. मी मांडीवर होते, माझ्यावर कशाला करेल? दर सकाळी तुझं कौतुक ऐकत मोठी झाले मी. इतकी जळायचे, ताई, की एकदा तुझा तो दिवा पाण्याच्या बादलीत टाकला."

"तो तू टाकलास? मार मी खाल्ला."

"मग? म्हणून तर टाकला."

बाबा आधी हसले, मग दोघीही. हसता हसता थोरलीला एक गोष्ट पुन्हा टोचलीच. ओवी तिची होती, पण ऐकली धाकटीने होती. आईच्या गळ्यातून, इतक्या जवळून, इतक्या सकाळी.

ती गाडीतून उतरली आणि किल्ली धाकटीपुढे धरली.

"गाडी ने. ओवी मला ठेवून जा. चालीसकट."

धाकटीने तिला चाल शिकवली. थोरलीचा सूर लागेना, बाबांनी कानांवर हात ठेवले. मग थोरलीने धाकटीला शिकवलं, की टाकीतलं पेट्रोल तळाला जाऊ द्यायचं नाही, पंप पेट्रोलातच बुडून गार राहतो. आणि बॅग डिकीत टाकताना, कुणाकडेही न बघता, ती पुटपुटली:

धाकटी माझी बहीण, तिच्या तोंडी गोडी
ती थांबते म्हणून चालू होते गाडी

"गोडी आणि गाडी," धाकटी म्हणाली. "हे यमक आहे की जुगाड?"

"गॅरेजचं काम आहे. चालतंय ना?"

धाकटी सीटवर बसली. आता थांबायची काही गरज नव्हती. पंप नवा होता, किल्ली कशीही फिरवली तरी चालली असती. पण तिने ती अर्ध्यावरच धरली. काचेआड तिचे ओठ हलले. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ हलले. आणि थोरली हातातलं फडकं मुठीत धरून, एकेका शब्दाबरोबर ओठ हलवत, ओळी संपायची वाट बघत उभी राहिली.