बुधरीबाईचं ‘हाव’

“हाव.”

तिसऱ्यांदा ऐकू आलं तसे गुणवंतराव खुर्चीत पुढे सरकले. समोरच्या पडद्यावर वीस चौकटी होत्या आणि त्या चौकटींत नववीतल्या वीस मुली माना खाली घालून विज्ञानाचा पेपर लिहीत होत्या. आवाज कोसमटोल्याच्या दीपिकाच्या चौकटीतून येत होता. ती ओठांतल्या ओठांत प्रश्न वाचायची, मग हळूच “माय?” म्हणायची, आणि मागून कुठून तरी बाईचा आवाज यायचा.

“वटवाघूळ सस्तन प्राणी आहे,” दीपिका पुटपुटली. “माय?”

“हाव.”

दीपिकानं कागदावर काहीतरी लिहिलं. प्रश्न होता चूक की बरोबर.

पुण्याकडच्या मास्तराला यातलं काही उमगलं नसतं. तिकडे हाव म्हणजे लोभ. पण गुणवंतराव गोंडपिपरीत जन्मले आणि गोंडपिपरीतच म्हातारे होत आले होते. हाव म्हणजे हो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पेपर संपेपर्यंत त्यांनी सात वेळा ‘हाव’ मोजलं आणि गैरप्रकाराच्या रकान्यात दीपिकाचं नाव लिहून टाकलं.

माणूस वाईट नव्हता. फक्त कॉपी म्हटली की त्यांच्या अंगाची लाही व्हायची. सख्ख्या पुतण्याच्या, प्रफुलच्या, मोज्यातून चिठ्ठी काढून त्यांनी त्याला परीक्षेतून उठवलं होतं, आणि त्यापायी भावानं चार दिवाळ्या त्यांच्या घरच्या फराळाला हात लावला नव्हता. पोरं त्यांना पाठीमागे सीसीटीव्ही म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

जानेवारीत वसतिगृहाच्या छताचा गिलावा कोसळला, मुली गावोगावी घरी गेल्या आणि शाळा मोबाईलवर आली. परीक्षाही मोबाईलवरच. मोबाईल समोर टेकवून ठेवायचा, आवाज चालू ठेवायचा, कागदावर लिहायचं आणि शेवटी फोटो पाठवायचा. संस्थेचा नियम कडक होता. एकदा नाव लागलं तर ताकीद. दुसऱ्यांदा लागलं तर वर्ष गेलं आणि वसतिगृहातली जागाही गेली. जागा गेली की कोसमटोल्याच्या पोरीची शाळा संपली, एवढं त्या भागात कुणालाही कळतं.

दुपारी त्यांनी फोन लावला. दीपिका रडत होती, म्हणून आईनं फोन घेतला.

“गुरुजी, मले तं एक अक्षर येत नाई जी. मी का सांगीन तिले?”

“मंग हाव हाव कोण करत होतं, बुधरीबाई?”

“मीच जी. घरी नुस्ता फोन लागते, नेट मोहाच्या टेकाडावरच येते. पोरगी लिहिते, मी मागं मोहफुलं वेचते. ती आवाज देते माय म्हणून. मी हाव म्हणते. म्हणजे हाव, मी इथंच, असं.”

“पण घडीघडी काऊन?”



“तो हिंडून राह्यला ना जी इकडे,” ती आवाज बारीक करून म्हणाली. “मागच्या आठवड्यात खालच्या वस्तीतला बैल नेला. जंगलवाले बोर्ड लावून गेले, एकट्यानं जाऊ नका म्हणून. घरचा माणूस मिरची तोडाले गेला तेलंगणात. मंग मीच जाते संगं तिच्या.”

‘तो’ कोण, हे गुणवंतरावांनी विचारलं नाही. जंगलात वाघाचं नाव कुणी घेत नाही. मुळात बाई खोटं बोलत नाही, हे त्यांना त्याच क्षणी पटलं होतं. तिथेच ते नाव खोडून टाकायला हवं होतं. पण एका मुलीला बोलायची सूट दिली तर उरलेल्या एकोणिसांना कोणत्या तोंडानं गप्प बसवायचं, हा प्रश्न त्यांना पडला. असे प्रश्न त्यांना नेहमी चुकीच्या वेळी पडत.

“पाहा बाई, तुम्ही संगं जा, माही ना नाई. पण पेपर चालू असताना एक शब्द नाई. ना तिनं, ना तुमी. आन् कॅमेऱ्यात दिसायचं नाई. गणिताच्या पेपराले कोणी मागं दिसलं तं मले पुन्हा नाव लिहा लागन.”

“उभी राह्यली तं दिसन जी मी. टेकाड उघडं हाये.”

“मंग बसून राहा.”

“हाव,” बाई म्हणाली.

शिक्षकांच्या खोलीत स्वातीबाई शेजारीच बसल्या होत्या. कॉम्प्युटरचं सगळं त्याच पाहत. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “सर, बसून राहा काऊन म्हटलं? मोह वेचणारी बाई वाकून असते, बसून असते, म्हणून तर धोका होतो. माणूस वाटतच नाही त्याले.”

“दोन तासांचा तं पेपर हाये,” गुणवंतराव म्हणाले. त्यांनाही हे ठाऊक होतं. गोंडपिपरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आपण मोठ्या मनानं तोडगा काढला, असंच त्यांना त्या दुपारी वाटत राहिलं.

गणिताचा पेपर गुरुवारी सकाळी आठला सुरू झाला. दीपिका वेळेवर आली. नेहमीसारखाच मोबाईल दगडाला टेकवलेला, मागे मोहाचं झाड आणि वाळलेलं गवत. आधीच्या पेपरांना चौकटीच्या कडेला हिरव्या लुगड्याचा काठ दिसायचा. आज नव्हता. पोरगी प्रश्नसुद्धा मनात वाचत होती. दोनदा तिनं मान वर केली, तोंड उघडलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

गुणवंतरावांना समाधान वाटलं. हे सांगताना बरं वाटत नाही, पण वाटलं.

पावणेनऊला कुठल्या तरी चौकटीतून वानरांचा इशाऱ्याचा आवाज येऊ लागला. खक्, खक्, खक्. एक ओरडलं, मग तीन-चार. गुणवंतरावांनी चौकटी तपासल्या. आवाज कोसमटोल्याचाच होता. दीपिकाचा पेन थांबला होता. तिनं मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले.

आणि गुणवंतरावांचं बोट आपसूक त्यांच्या ओठांवर गेलं. तीस वर्षं पोरानं मान वर केली की ते बोट तिथे जात आलं होतं.

दीपिकानं मान खाली घातली.

वाळका पाला मोठ्यानं वाजला. कुणीतरी एखादा शब्द सुरू करावा आणि तो अर्ध्यावरच तुटावा, तसा आवाज आला. मग पाला पुन्हा वाजला, या वेळी सलग, लांब लांब जात. वानरं आणखी थोडा वेळ ओरडली आणि मग तीही थांबली.

रानडुक्कर असेल, गुणवंतराव स्वतःला म्हणाले. बाई उठून चार पावलं गेली असेल. त्यांनी आवाज वाढवला, कान पडद्याजवळ नेला. वारा होता. बाकी काही नव्हतं. पोरगी लिहीत होती, पण पेन एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरत होता.

मग तिनं हात वर केला. बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा, हाही नियम त्यांचाच.

“बोल बेटा.”

“सर,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, वर्गात उभी राहून विचारावा तसा. “मायले आवाज देऊ का?”

पोरीनं सगळं ऐकलं होतं. त्यांच्याआधी ऐकलं होतं, आणि परवानगीसाठी थांबली होती.

“दे,” ते म्हणाले. “दे, दे, लवकर दे!”

“माय?”

वारा.

“माय? ओ माय!”

“स्वातीबाई, पोलीस पाटलाले फोन लावा कोसमटोल्याच्या,” गुणवंतराव दाराकडे पाहत ओरडले. “माणसं पाठवा म्हणावं टेकाडावर, डबे वाजवत या म्हणावं. लवकर!” स्वातीबाई धावत आल्या, त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि मोबाईल काढला.

“दीपिका, उठू नको. दगडाले पाठ लावून बस आन् मोठ्यानं बोलत राह. काही बी बोल.”

“का बोलू सर?” ती म्हणाली. “तुमीच द्या न आवाज. तुमचा आवाज मोठा हाये.”

गुणवंतराव उभे राहिले. खुर्ची मागे पडली. दोन्ही हात टेबलावर रोवून, तोंड पडद्याला लागेल इतकं पुढे नेऊन, ज्या माणसानं तीस वर्षं परीक्षेत चकार शब्द निघू दिला नव्हता, तो माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला.

“बुधरीबाई! ओ बुधरीबाई!”

उरलेल्या एकोणीस चौकटींतल्या एकोणीस मुलींनी पेपरातून माना वर काढल्या आणि त्या सरांकडे बघत राहिल्या. कुणाला खाली बघ म्हणायचं भान त्यांना नव्हतं. ते पुन्हा ओरडले.