मालकीणबाईंचा क्रम

ऑफिसात तिला सगळे मालकीणबाई म्हणायचे. मालकी कसली, डोंबलाची! हुद्दा प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे आधी काय बनवायचं आणि मग काय, हे ठरवायचं आणि चुकलं की बोलणी खायची. त्यात ती अजून नोकरीत पक्की नव्हती. पुढच्या डेमोत, गिऱ्हाइकाला काम दाखवून झालं की साहेब ठरवणार होते, हिला ठेवायचं की नारळ द्यायचा.

दुसरा तो मास्तर. स्क्रम मास्टर. टीमच्या वाटेतले धोंडे उचलायचे आणि कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही ना ते बघायचं, हे त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात त्यानं हिलाच अडवलं होतं. ही रोज सकाळी "एवढंसंच आहे हो" म्हणत प्रोग्रामरांच्या गळ्यात नवं काम मारायची.

"बाई, काय हवं ते तुम्ही सांगा. किती झेपेल ते त्यांना सांगू द्या," तो म्हणाला होता.

त्या दिवशी घरी जाऊन तिनं आईजवळ "आगाऊ मेला!" म्हणून त्याचा उद्धार केला होता.

आणि नेमकी आईच पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ परगावी, त्यामुळे ऑपरेशननंतर हॉस्पिटलात ही एकटीच. अशात एका दुपारी मास्तर चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन वॉर्डात हजर. डेमोआधीच्या शेवटच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या फेरीत, काय काय करायचं, त्या या चिठ्ठ्या. त्यांचं ॲपही पेशंटच्या नातेवाइकांसाठीच होतं.

"साहेब म्हणतात, बाईंच्या मागे व्याप आहे, तूच क्रम लाव. रंगीत आलेख सगळ्यात वर घे."

"मग लावा ना! माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला सगळं येतं."

"येतं. पण क्रमही मीच लावला, तर तो पुरा करायला मीच पोरांच्या मानेवर बसणार. मग मला कोण अडवणार? आणि साहेबांना वाटेल, तुमच्याशिवाय भागतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इथे येऊन नियम शिकवता? आईला भरवायचंय, रिपोर्ट आला का ते काउंटरवर विचारायचंय, तिला एकटं सोडवत नाही, आणि तुम्ही..."

मास्तरनं तिच्या हातातली सूपची वाटी काढून घेतली. "हाच धोंडा ना? हा माझा. तुम्ही बाहेर बाकावर बसा."

आईनं त्याला नीट न्याहाळलं. "हाच का गं तो आगाऊ?"

"हो आई, तोच मी. आ करा."

लाजून चूर होत ती बाहेर आली. बाकावर चिठ्ठ्या मांडल्या. समोर काउंटरपाशी माणसं ताटकळत उभी होती आणि प्रत्येक जण तेच विचारत होता, जे ती सकाळपासून विचारत होती: रिपोर्ट आला का? तिनं तळाशी पडलेली चिठ्ठी उचलली. 'रिपोर्ट आला की नातेवाइकाला मोबाइलवर कळवणे.' ती सगळ्यात वर ठेवली आणि साहेबांचे लाडके आलेख खाली सरकवले.

मास्तरनं क्रम पाहिला. "साहेबांना तुम्हीच सांगायचं. फोन लावा, आईंपाशी मी आहे."

साहेब फणफणले. ती मागे हटली नाही. "बघू डेमोला," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

डेमोचा दिवस आला. गिऱ्हाईक असलेल्या हॉस्पिटलच्या मुख्य नर्स समोर बसल्या होत्या. मोबाइल वाजला, 'रिपोर्ट आला' असा निरोप उमटला, आणि त्या म्हणाल्या, "अहो, हेच तर हवं होतं! आमचा काउंटर मोकळा श्वास घेईल."

साहेबांची कळी खुलली. त्यांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! फोन बाईंनी केला, तरी डोकं तुझंच असणार! त्या हॉस्पिटलात असताना तू त्यांचं काम बरोबर सांभाळलंस."

मास्तरनं नुसती मान हलवली असती तरी तिची नोकरी गेली असती.

"छे हो साहेब," मास्तर म्हणाला. "क्रम बाईंचा, काम या पोरापोरींचं. मी फक्त त्यांच्या आईला सूप पाजलं."

सगळे खो खो हसले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "मग बाई, आजपासून तुम्ही पक्क्या."

नंतर जिन्यात तिनं मास्तरला गाठलं. डोळे भरून आले होते. "मास्तर, त्या दिवशी माझं काम तुम्ही केलं असतंत तर आज माझ्याकडे काही उरलं नसतं. केलं नाहीत, हे उपकार मी विसरणार नाही."

मास्तर अवघडला. "उपकार कसले, बाई."

"आणि आईनं विचारलंय, आगाऊ परत कधी येणार? माझ्या हातून ती आता धड जेवत नाही."