ठेवू की पुसू?

चिमणीचं नाव चिमणी कोणी ठेवलं हे आता कोणाला आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला एकदा तिच्या बँडच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवायला हवं. लहानपणी तिचा आवाज म्हणे इतका बारीक होता, की हाक मारली तर शेजारच्या खोलीतही पोचायची नाही. आता ती माईक तोंडाशी धरून बेंबीच्या देठापासून जी गुरगुर काढते, ती ऐकून नवखी माणसं आधी तिच्याकडे आणि मग दाराकडे बघतात. बँडचं नाव 'कबंध'. संगीत डेथ मेटल, आणि तेही सिम्फॉनिक. म्हणजे एकीकडे गिटार आणि ड्रम जीव खाऊन वाजत असतात, दुसरीकडे व्हायोलिनं, ट्रम्पेट आणि चाळीस माणसांचा कोरस राजाच्या मिरवणुकीला निघाल्यासारखा गात असतो, आणि या सगळ्याच्या मधोमध चिमणी. कोरसचा शब्दन् शब्द कळतो. चिमणीचा एकही कळत नाही, आणि कळावा अशी कोणाची अपेक्षाही नसते.

बँड दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा. चाली त्याच्या, शब्द त्याचे, आणि वाद झाला तर निकालही त्याचाच. नव्या अल्बमचं नाव त्यानं 'भट्टीचा देव' ठेवलं होतं. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकच गोष्ट, आणि ती त्यांच्या बाबांची.

बाबा एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं ढिगानं यायच्या आणि वाफेवर धुतल्या जायच्या. एका दुपारी बॉयलर फुटायच्या बेतात आला. सगळे बाहेर पळाले, बाबा मात्र उलटे आत धावले आणि परत आलेच नाहीत. लाँड्रीच्या फाटकाशी त्यांचा फोटो लागला. आईला चादरींच्या घड्या घालायच्या खात्यात नोकरी मिळाली. घरात बाबांचा विषय निघाला की सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे.

दोष लागला बाबांच्या हाताखालच्या माणसावर. दाबाच्या काट्यावर नजर ठेवायचं काम त्याचं, आणि तो झोपला, असं ठरलं. कोणी ठरवलं? ज्यांच्या सोयीचं होतं त्यांनी. वाफेनं त्याचा डावा हात भाजून कायमचा आखडला, नोकरी गेली, आणि वर लोकांनी बारसंही केलं: वाफ्या. आता तो बाजाराजवळचा सायकल-स्टँड सांभाळतो. चिमणी तिथंच सायकल लावते आणि त्याला काका म्हणते. परवाच तो उजव्या हातानं तिच्या सायकलचं स्टँड लावत म्हणाला, "बाबांवर गाणी करताय म्हणे तुम्ही दोघं. चांगलं आहे. मिस्त्री फार मायेचे होते गं." चिमणीनं मान हलवली आणि तिथून जवळजवळ पळ काढला.

कारण आदल्या दिवशीच कोरसचं रेकॉर्डिंग झालं होतं. टायरच्या दुकानावरच्या त्या स्टुडिओत चाळीस माणसं मावत नव्हती, म्हणून त्यांना दोन पाळ्यांत उभं केलं होतं. दादानं हात वर केला, आणि स्वच्छ, खणखणीत, सुराला सूर लावून कोरस गायला: "कोण झोपला? वाफ्या झोपला! कोण झोपला? वाफ्या झोपला!" इतकं सुरेल, की ड्रमर मांडीवर ठेका धरून डोलायला लागला. चिमणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं दादाला जिन्यात गाठलं.

"दादा, वाफ्याकाका झोपले नव्हते."

"तुला काय माहीत? केवढीशी होतीस तू."

"मी होते तिथं त्या दुपारी."

"डबा द्यायला गेलीस आणि आलीस. अगं, गोष्ट आहे ही. गोष्टीला खलनायक लागतो. नाहीतर बाबा लढणार कोणाशी, इस्त्रीशी?"

"तो माणूस जिवंत आहे दादा. रोज दिसतो मला."

"मग? त्याचं नाव कुठं घेतलंय मी? वाफ्या हे काय माणसाचं नाव आहे?" दादा घड्याळाकडे बघत दोन पायऱ्या उतरला. "आणि हे आईसमोर काढू नकोस हं. तिला बरं वाटेल असं एक तरी काम करतोय मी."

चिमणीच्या तोंडाशी पुढचं वाक्य आलं होतं. ते नेहमी तोंडाशीच यायचं आणि तिथूनच मागं फिरायचं, कारण त्या वाक्याला एकदा थोबाडीत बसली होती.

त्या दुपारी ती डबा घेऊन गेली तेव्हा बाबा बॉयलरच्या शिडीवर होते. बॉयलरला एक झडप असते. आत दाब फार झाला की ती आपसूक उघडते आणि वाफ बाहेर सोडते, म्हणूनच बॉयलर फुटत नाही. त्या दिवशी ती सारखी फुसफुसत होती, वाफ वाया जात होती, आणि बाहेर चादरींचे ढीग पडले होते. "चिमणे, ती पक्कड दे बघू," बाबा म्हणाले. तिनं दिली. बाबांनी झडपेचा दांडा तारेनं करकचून आवळला आणि फुसफुस थांबली. खालून वाफ्याकाका कळवळून सांगत होते, "नका बांधू मिस्त्री, नका." बाबा हसले आणि त्यांनी चिमणीला डोळा मारला.

ती घरी पोचते न पोचते तोच धमाका झाला. बाबा आत धावले, याचं लोकांनी शौर्य केलं आणि आता दादा त्याची सिम्फनी करत होता. चिमणीला मात्र तेव्हाच कळलं होतं. ते तार सोडवायला धावले होते. तिनं हे त्याच दिवशी आईला सांगितलं. आईनं एक सणसणीत लगावली आणि तिचे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस. कळलं?"

कळलं. न कळायला काय झालं? मुलाखतीत तिला विचारतात, हा आवाज कुठं शिकलात. क्लास लावला होता, असं ती सांगते.

तर आता चिमणीची पाळी होती. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत ती, अलीकडे रेकॉर्डिस्ट आणि दादा. रेकॉर्डिस्ट हा कमी बोलणारा माणूस. प्रत्येक तुकडा संपला की बटण दाबून तो एवढंच विचारायचा, "ठेवू की पुसू?" आणि दादा म्हणायचा, "ठेव."

पहिल्या गाण्याला चिमणीनं दादाचा कागद समोर ठेवला, श्वास भरला, आणि कागदावरचं एक अक्षरही न म्हणता गुरगुरली: "तार बाबांनी बांधली! पक्कड मी दिली! झोपलं नव्हतं कोणी!" गळ्याच्या शिरा तटतटल्या, काचेवर थुंकी उडाली. तिला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"ठेवू की पुसू?"

"ठेव, ठेव!" दादाचे डोळे पाणावले होते. "चिमणे, काय आग आहे गं. असंच सगळीकडे."

मग तिनंही मागंपुढं पाहिलं नाही. अख्ख्या अल्बमभर तिनं तेच ठासून भरलं. जिथं बाबा ज्वाळांचा मुकुट घालतात तिथं ती म्हणाली, नका बांधू मिस्त्री. जिथं देव त्यांना हात देतात तिथं म्हणाली, फोटो उतरवा तो फाटकावरचा. बॅसिस्ट बाहेर बसून दादाच्या कागदावर बोट फिरवत ऐकत होता आणि "अगदी बरोबर म्हणतेय" अशी मान डोलवत होता! ऐकणाऱ्याच्या हातात दादाचे शब्द आणि कानात हिचे. आधी चिमणीला याचं हसू आलं. संध्याकाळी मात्र तिचा राग दुप्पट झाला. इतकं घसा फोडून खरं सांगायचं आणि समोरच्यानं वा म्हणून टाळ्या वाजवायच्या, ही कसली तऱ्हा? तिकडे वाफ्याकाकांची बदनामी कशी लख्ख ऐकू येते!

या सगळ्यात चिमणी एका माणसाला विसरली होती. खरंच विसरली होती की विसरल्यासारखं केलं होतं, हे तिचं तिलाच ठाऊक.

घरी ती सराव करायची तो सामानाच्या खोलीत, गादीत तोंड खुपसून. आई बाहेर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून आईचा कान असा तयार झाला होता, की ती दारातूनच सांगायची, "आज 'स्मशान' म्हणताना घसा ओढतेयस. पाणी पी." शेजारणीला कौतुकानं सांगायची, "काय बाई सुंदर शिव्या देते आमची पोर, अगदी तालात." सगळ्या जगात चिमणीची गुरगुर कळणारं एकच माणूस होतं, आणि पहिल्यांदा अल्बम ऐकायचा मान दादानं नेमका त्यालाच दिला.

आई इस्त्रीची साडी नेसून आली. स्टुडिओतल्या मोडक्या सोफ्यावर टेकली, मांडीवर रुमाल ठेवला आणि सवयीनं त्याच्या घड्या घालायला लागली. टोकाला टोक, काठाला काठ. दादानं दिवे मंद केले. तेवढ्यानं गाणं भारी होतं अशी त्याची समजूत आहे. चिमणी भिंतीला पाठ लावून उभी होती.

व्हायोलिनं सुरू झाली. आईनं मान डोलावली. मग चिमणीचा आवाज आला, आणि आईचे हात थांबले.

त्यानंतर अख्खा अल्बम वाजला, पण त्या रुमालाची पुढची घडी काही पडली नाही. आई समोरच्या स्पीकरकडे बघत होती. एकदाच, नका बांधू मिस्त्री आलं तेव्हा, तिनं डोळे मिटले.

दादानं दिवे लावले. "कसं वाटलं आई?"

"आवाज मोठा आहे."

"आणि शब्द? कळले का काही?"

आईनं चिमणीकडे पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं. मग म्हणाली, "नाही रे बाबा. मला काही कळलं नाही."

चिमणीच्या गालावर तीच चपराक पुन्हा बसली. आजवर तिला बाबांचा राग होता, दादाचा होता, पण हा सगळ्यांहून मोठा निघाला. या बाईला सगळं कळतं! कळतं आणि ही घड्या घालत बसते!

"रेकॉर्डिंग लावा," ती रेकॉर्डिस्टला म्हणाली. "कोरसवाली जागा. मला परत म्हणायचंय."

"अगं झालंय ते, मस्त झालंय," दादा म्हणाला.

"लावा म्हटलं ना!"

ती आत गेली, दार लावलं, हेडफोन चढवले. लाल दिवा लागला. कोरस गरजला: "कोण झोपला? वाफ्या झोपला!" चिमणीनं श्वास भरला, आणि गुरगुरली नाही. कित्येक वर्षांत माईकसमोर न काढलेला तिचा साधा आवाज बाहेर आला, बारीक, चिरका, शेजारच्या खोलीतही न पोचणारा. पण माईक चांगला होता.

"कोणी झोपलं नव्हतं. झडपेला तार बाबांनी बांधली. पक्कड मी दिली त्यांच्या हातात. वाफ्याकाका नको नको म्हणत होते. बाबा आत गेले ते तार सोडवायला. मी आईला त्याच दिवशी सांगितलंय."

काचेपलीकडे दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचा हात बंद करायच्या बटणाकडे झेपावला, आणि आईनं तो मनगटाशी धरला. चादरी ताणून ताणून घड्या घालत कमावलेली पकड होती ती. दादाला हात सोडवता येईना. काहीतरी बोलत आई टेबलावर वाकली. चिमणीला ऐकू येत नव्हतं. रेकॉर्डिस्टनं आईचं बोट धरून बोलायच्या बटणावर ठेवलं.

"वाफ्या काय म्हणतेस?" हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, आईचा आवाज आला. तो संतापानं थरथरत होता. "त्याला आईबापांनी नाव ठेवलंय." आणि तिनं ते उच्चारलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

चिमणीनं ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"तुला नाव माहीत होतं?" ती ओरडली. "तुला सगळं माहीत होतं, आणि त्या माणसासमोरून तू रोज जातेस?"

"हो," आई म्हणाली. "त्या फोटोनं तुम्हा दोघांना जेवू घातलं. मी रोज मान खाली घालून जाते."

कोरस संपला होता. पुढं नुसतीच व्हायोलिनं वाजत होती, आणि तीही थांबली. दादा खुर्चीत बसला होता आणि स्वतःच्याच कागदांकडे बघत होता. लाल दिवा अजून चालू होता. रेकॉर्डिस्टनं घसा खाकरला आणि सवयीनं विचारलं, "ठेवू की पुसू?"

दादानं कागद पालथे घातले.

"ठेवा," आई म्हणाली. "आणि ते झोपला झोपला पुसा."

चिमणीचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिनं हेडफोन काढून खुंटीला अडकवले, आणि आईशी भांडायला दार उघडून बाहेर आली.