पेटीवरचा मार्का

रत्नागिरी तालुक्यात आत्मारामला ओळखत नाही असा बागायतदार नव्हता, आणि त्याला घरात पाटावर बसवून जेवू घालेल असाही एक नव्हता. त्याचं काम पत्रे कापायचं. तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट ठोकायचा आणि त्यात बागायतदाराचा मार्का कोरायचा. हंगामात तो पत्रा पेटीवर धरून काळ्या रंगाचा बोळा फिरवला की आंबा कुणाचा ते वाशीच्या दलालाला लांबून कळे. कुणाचं कमळ, कुणाचा त्रिशूळ, कुणाचे तीन तारे. आजोबांनी धरलेला मार्का नातू चालवतो. अशा दीडशे घरांचे मार्के आत्माराम डोळे मिटून काढायचा. त्याला स्वतःचा मार्का नव्हता. ज्याच्याकडे चार कलमं नाहीत त्याला मार्का हवा कशाला?

हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. पुढे पोट हातावर. म्हणून २००४ च्या भाद्रपदात एका संस्थेने रत्नागिरीत ऑफिस थाटलं आणि तिथल्या अलफिया मॅडमनी त्याला बोलावणं धाडलं, तेव्हा तो धुतलेला शर्ट घालून गेला. मॅडम मूळच्या हर्ण्याच्या, शिकल्या मुंबईत. वय लहान, पण बोलणं स्वच्छ. तालुक्यात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष किती आहेत आणि त्यांच्या वाट्याला काय येतं, एवढं शोधायचंय, म्हणाल्या. आकडा आला तर दवाखाना मिळेल, औषधं मिळतील, चार माणसं न घाबरता बसतील अशी एक खोली मिळेल. आकडा नसेल तर काही नाही. सरकारच्या लेखी जो मोजला गेला नाही त्याला ताप येत नाही. हे सांगायला मॅडमनी नेमकं आत्मारामलाच का बोलावलं, ते त्याने विचारलं नाही. मॅडमनीही सांगितलं नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

लग्नाचं विचारणाऱ्यांना आत्माराम गेली पंधरा वर्षं ‘बघू’ म्हणत आला होता. त्याचं जे काही होतं ते भाट्याच्या सुरूबनात होतं, आणि त्याचं नाव गुरुप्रसाद. पावसच्या गंगारामआपांचा एकुलता मुलगा, तीनशे कलमांचा वारस. सात वर्षं दोघे दर शनिवारी संध्याकाळी सुरूच्या झाडाखाली बसत होते. गुरुप्रसाद घरून अळूवड्या नाही तर फणसाचे तळलेले गरे आणायचा आणि आत्मारामने खाल्ल्याशिवाय स्वतः तोंडात घास घालायचा नाही. पाटावर बसवणारं तालुक्यात कुणी नसलं तरी वाळूत बसवणारा एकजण होता, आणि आत्मारामला तेवढं पुरत होतं.

काम सुरू झालं. कागदावर नाव घ्यायचं नाही, हा पहिला नियम. कायद्याने तर हा सगळा गुन्हाच होता, मग नाव कोण देईल? पण नाव नाही म्हटलं की एकच माणूस सोमवारी मांडवीला आणि गुरुवारी एसटी स्टँडमागे भेटला तर दोनदा मोजला जाणार. मॅडमना यावर उपाय सुचेना. आत्मारामला सुचला. प्रत्येकाने एक खूण काढायची. आयुष्यात विसरणार नाही अशी खूण. पुन्हा कुणी विचारलं तर तीच काढायची. मॅडमनी त्याची पाठ थोपटली. शिकलेल्या बाईने पाठ थोपटण्याची ही त्याच्या जन्मातली पहिली वेळ होती.

आता गंमत बघा. ज्या माणसाला आयुष्यात विसरणार नाही अशी खूण काढ म्हणाल, तो काय काढेल? बागायतदाराचा मुलगा दहा वर्षांचा झाल्यापासून दर उन्हाळ्यात हजार पेट्यांवर बोळा फिरवतो. त्याच्या हातात पेन्सिल दिली की हात आपोआप वळतो. कुणी कमळ काढलं, कुणी त्रिशूळ. मिरकरवाड्याच्या पोरांनी आपल्या होडीवरची खूण काढली. पहिलं कमळ कागदावर उमटलं तेव्हाच आत्मारामने घर ओळखलं. हे कमळ त्याने स्वतःच्या हाताने कापलं होतं.

तो बोलला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो बोलला नाही. एक म्हणजे काम चोख होत होतं. मार्का चुकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि दुसरं कारण जरा वाईट होतं. ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने पत्रे दिले, त्या घरांचे मार्के आता मुकाट्याने त्याच्या कागदावर येत होते. ते बघून त्याला बरं वाटायचं. शेवटी माणूसच तो.

खुणेपुढे प्रश्न असत. मारहाण झाली का, पोलिसांनी पैसे उकळले का, जीव द्यावासा वाटला का. ‘हो’ची रांग बघून मॅडमचे डोळे भरून यायचे. बायकांचं काय, असं आत्मारामने एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या की फॉर्मात तो रकानाच नाही. शेवटचा प्रश्न होता, घरच्यांना माहीत आहे का. तिथे वरपासून खालपर्यंत ‘नाही’ होतं.

गुरुप्रसाद मोजून घ्यायला तयार नव्हता. दोन शनिवार त्याने विषय टाळला. आत्माराम हट्टाला पेटला. तू नसलास तर आकडा खोटा होईल, म्हणाला. मी तुझ्यासाठी हे करतोय आणि तूच नाहीस म्हणजे काय? रुसला, गरे खाल्ले नाहीत. तिसऱ्या शनिवारी गुरुप्रसादने हसून पेन्सिल घेतली आणि पिंपळाचं पान काढलं, खाली दोन आडव्या रेघा. पन्नास वर्षं पावसहून जाणारा आपांचा मार्का. मग त्याने मान वर केली.

“चालेल मा रे?”

“चालेल,” आत्माराम म्हणाला, आणि गरे पुढे ओढले.

दिवाळीपर्यंत एकशे त्रेचाळीस खुणा झाल्या. पहिली आत्मारामची स्वतःची होती, एक साधं वर्तुळ. मॅडम हरखल्या. कलेक्टर कचेरीच्या सभागृहात बैठक ठरली, अधिकारी आले, गावोगावचे सरपंच आले. आत्माराम खुर्च्या मांडत होता. वळून बघतो तर भिंतीवर चादरीएवढा कागद, आणि त्यावर एकशे त्रेचाळीस खुणा, मुठीमुठीएवढ्या. मॅडमनी अभिमानाने सांगितलं की एकाही व्यक्तीची ओळख उघड होणार नाही याची संस्थेने पूर्ण काळजी घेतली आहे. आत्मारामच्या हातात खुर्ची होती. चार पावलांवर भिंत होती. कागद ओरबाडून काढायला किती वेळ लागतो? त्याने खुर्ची मांडली.

सरपंचांच्या रांगेत भागोजी मुकादम होता. वीस हंगाम त्याने वाशीच्या गाड्या भरल्या होत्या. आधी तो नुसता बघत राहिला, मग शेजाऱ्याला कोपर मारलं, मग उभाच राहिला.

“अरे, ही तर आपली गाडी भरलीय!” तो म्हणाला आणि बोट नाचवत वाचायला लागला. मार्का, घराचं नाव, गाव. मार्का, घराचं नाव, गाव. गाडीत पेट्या चढवताना ओरडायचा त्याच चालीवर. सभागृह हसायला लागलं. साहेब लोक रुमाल तोंडाला लावून हसले. मॅडम याच्याकडे त्याच्याकडे बघत विचारत होत्या, काय झालं, कुणी मला सांगेल का. अकरावं नाव गंगारामआपांचं निघालं. पावसचे सरपंच म्हणून आपा दुसऱ्या रांगेत बसले होते. ते उठले, टोपी नीट केली आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले.

त्या आठवड्यात शेवटचा रकाना बदलला. सगळीकडे ‘हो’ झालं. एकाला भावांनी गोठ्यात बांधून घातला. एकाच्या बायकोला माहेरचे येऊन घेऊन गेले. मिरकरवाड्यातला एकजण होडीवर गेला तो बंदरात परत उतरलाच नाही. कुणी म्हणालं पडला, कुणी म्हणालं पाडला. पोलीस मात्र तत्पर. ते कागदाची प्रत मागायला ऑफिसात दोनदा येऊन गेले.

वर्तुळ कुणाचं, ते मात्र कुणी ओळखलं नाही. ज्याच्याकडे बाग नव्हती तेवढा वाचला. आत्माराम ऑफिसातला शिपाई, असंच गाव समजत होतं.

पाचव्या दिवशी आपांनी त्याला पावसला बोलावलं. पेट्या भरायच्या पडवीत आपा खुर्चीवर बसले होते. गडीमाणसं भिंतीला लागून उभी होती. गुरुप्रसाद खांबाशी, पांढऱ्या शर्टात, एक डोळा सुजून बंद झालेला. आपांचा आवाज मऊ होता. इतक्या मऊ आवाजात ते आत्मारामशी कधी बोलले नव्हते.

“आत्म्या, आमचा मार्का तुझ्या हाताखालचा. झोपेत पण काढशील. पोरगा काय बोलत नाय. त्या कागदावर ता पान तूच काढलंस काय? आकडा वाढवायला काढला असशील. खरा काय ता सांग.”

आत्माराम सगळं समजला. म्हातारा खरं विचारत नव्हता, खोटं मागत होता. नुसतं ‘होय आपा, चूक झाली’ म्हणायचं होतं. चार थोबाडीत बसल्या असत्या, पत्रे कापायचं काम गेलं असतं, फार तर तालुका सोडावा लागला असता. मुलगा मुलगा राहिला असता. पण पुढचा प्रश्न कुणीतरी विचारलाच असता, की तू रे कोण, तुला त्या कागदाशी काय करायचं होतं? गुरुप्रसाद एका उघड्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होता. त्या डोळ्यात राग नव्हता, खात्री होती. सात वर्षांची खात्री. आत्मारामला भीती वाटली, एवढंच झालं. दुसरं काही कारण नव्हतं, आणि आपल्याला दुसरं कारण नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

“मी नुसता कागद धरला होता, आपा,” तो म्हणाला.

 आपांनी खुंटीवरचा पत्रा काढायला सांगितला, रंगाचा डबा मागवला, आणि दोन्ही आत्मारामपुढे ठेवायला लावले.

“या मार्क्याचा शेवटचा माल आज जायचाय,” आपा म्हणाले. “मार.”

गडी हसले नाहीत. गुरुप्रसाद स्वतःच वळला आणि पाठ करून उभा राहिला. आत्मारामने पत्रा शर्टावर टेकवला. पत्र्याखाली पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती. ती पाठ त्याला पत्र्यापेक्षा जास्त माहितीची होती. त्याने बोळा बुडवला, निथळला आणि फिरवला. इतक्या वर्षांची सवय. हात जराही हलला नाही. पिंपळाचं पान आणि दोन रेघा स्वच्छ उठल्या, कुठे फाटल्या नाहीत की पसरल्या नाहीत.

गुरुप्रसाद तसाच पायरी उतरून निघाला. पावसच्या बाजारातून एसटीपर्यंत तो चालत गेला, दिवसाउजेडी, ओला रंग पाठीवर घेऊन. लोक दारात येऊन बघत होते. त्याने शर्ट काढला नाही. राजापूरच्या गाडीत बसला एवढं कळलं, पुढचं कुणाला ठाऊक नाही. आपांनी आत्मारामला थांबवून घेतलं आणि नवा मार्का कापायला सांगितला. पुढच्या हंगामाला वेळ होता, पण त्यांना तो त्याच दिवशी हवा होता. आत्मारामने कापून दिला. मोराचं पीस. त्या दिवशी त्याला पडवीत पाट मांडून जेवायला वाढलं, आणि तो जेवला.

पुढच्या भाद्रपदात दुसरी फेरी आली. नियमच होता, वर्षाने पुन्हा मोजायचं. मॅडम वाळून गेल्या होत्या. बदली मागितली होती, मिळाली नव्हती. आत्माराम महिनाभर फिरला. मांडवीला कुणी थांबत नव्हतं. स्टँडमागे पालिकेने दिवा लावला होता. भाट्याला दर शनिवारी तो एकटा बसायचा आणि अंधार पडायच्या आत उठायचा. ओळखीचे दिसले तर रस्ता ओलांडून जायचे. एकाने सांगितलं, आमच्याकडे तसले कोण नाहीत, कधी नव्हते. सांगताना तो थुंकला.

शेवटच्या दिवशी मॅडमनी कोरा कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिल त्याच्याकडे सरकवली. वरचे लोक म्हणतायत की गेल्या वर्षीचा आकडाच चुकला असेल, त्या म्हणाल्या. निदान एक तरी खूण हवी, आत्माराम. एक जरी असली तरी मी भांडेन.

आत्मारामने पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. वर्तुळ काढायला काय लागतं?

“मी इथे नोकरीला आहे, मॅडम,” तो म्हणाला.

मॅडमनी मान हलवली आणि पेन दिलं. संख्येच्या रकान्यात त्याने ‘निरंक’ लिहिलं. अनुभवांच्या रकान्यात ‘निरंक’. खाली सर्वेक्षकाचं नाव हवं होतं, ते त्याने पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट, ठळक अक्षरात. रत्नागिरी तालुक्याच्या त्या कागदावर तेवढं एकच नाव होतं.